‘शिकताना पडणारच आहे, तर मिळेल ती स्वस्त गाडी घ्या’ हे का पटत नाही

दुचाकी शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाला कोणी ना कोणी एक सल्ला पाठवतेच. त्याचा आशय असा असतो: शिकताना गाडी पडणारच, म्हणून जुन्यातली सर्वांत स्वस्त मिळेल ती लहान मोटारसायकल उचलावी, मीटरवर किलोमीटर कमी असले आणि इंजिन एका किकमध्ये सुरू झाले की पुरे, टायर, ब्रेक, केबली या फुटकळ गोष्टी नंतर बदलता येतात, आणि ज्याची ऐपत असेल त्याने लहान गाडीच्या नादी न लागता सरळ मोठी घ्यावी, कारण लहान गाडीचा महिन्याभरात कंटाळा येतो.

यातले पहिले अर्धे वाक्य मला मान्य आहे. नवशिक्याच्या हातून गाडी पडते, बहुतेक वेळा उभ्याउभ्या किंवा वळून थांबताना पडते, आणि नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा जिवाला लागतो, म्हणून जुनी लहान गाडी घेणे शहाणपणाचेच आहे. परंतु ‘पडणारच’ या कारणाने रंग उडालेली, टाकीला पोचे असलेली गाडी चालेल एवढेच सिद्ध होते. खिळखिळी गाडी चालेल हे त्यातून निघत नाही. हा सल्ला या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

मुरलेल्या चालकाला गाडीचा दोष गाडीचा म्हणून ओळखता येतो. नवशिक्याला तो स्वतःची चूक वाटतो. क्लचची केबल कोरडी पडली असेल किंवा तिच्या तारा तुटत आल्या असतील, तर क्लच आज एका ठिकाणी पकडतो आणि उद्या दुसऱ्या. गाडी बंद पडली की शिकणारा स्वतःच्या डाव्या हाताला दोष देतो. हँडलच्या कोन-सेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये, मधोमध खाच पडली असेल, तर कमी वेगात गाडी सरळ राहत नाही आणि शिकणाऱ्याला आपला तोल कच्चा वाटतो. चेन ढिली असेल, तर एक्सलरेटर सोडता-देताना हिसका बसतो आणि तो आपल्या मनगटाचा दोष ठरतो. मी ज्या गाडीवर शिकलो तिचा क्लच पूर्ण सुटत नसे, त्यामुळे थांबल्यावर न्यूट्रल सापडत नसे आणि गाडी पुढे सरकत राही. जवळजवळ दोन महिने मी हे माझेच अडाणीपण समजत होतो. एकदा दुसऱ्याची गाडी हातात आली तेव्हा पहिल्याच थांब्यावर न्यूट्रल सहज पडला. त्या दोन महिन्यांत लागलेल्या चुकीच्या सवयी मोडायला पुढे कितीतरी अधिक काळ गेला. म्हणून नवशिक्याची गाडी दिसायला कशीही असो, वागायला सरळ हवी.

कमी किलोमीटरचा मुद्दाही असाच वरवरचा आहे. मुळात मीटरवरचा आकडा हा पुरावाच नव्हे: केबलीवर चालणाऱ्या मीटरची केबल तुटलेली असताना गाडी वर्षभर पळाली, तरी त्या आकड्याला त्याचा पत्ता लागत नाही. फूटरेस्टचे रबर, ब्रेक पेडलचा घासलेला पत्रा आणि हँडलच्या मुठी त्याहून अधिक खरे बोलतात. आकडा खरा मानला तरी कमी चाललेली गाडी म्हणजे पुष्कळदा नुसती उभी राहिलेली गाडी असते. उभ्या गाडीत कार्बुरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, बुजवतो. अर्धवट भरलेल्या टाकीला आतून गंज चढतो, जो झाकण उघडून टॉर्च मारला की दिसतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते: ‘डॉट 4’ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा 155 अंशांचीच आहे, म्हणजे जुने ऑइल तापल्यावर लवकर उकळते आणि ब्रेक नरम पडतो. टायरचे रबर नक्षी शाबूत असतानाही कडक होत जाते. टायरच्या बाजूवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात. ‘2319’ म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. गाडी कितीही कमी चाललेली असली तरी दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर दहा वर्षांचाच असतो. रोज चाललेली, वेळच्या वेळी ऑइल बदललेली, चाळीस हजार किलोमीटर झालेली गाडी मी अशा गाडीच्या आधी निवडीन.

‘एका किकमध्ये सुरू झाली’ हे कधी महत्त्वाचे, तर इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर ही परीक्षा व्यर्थ जाते, म्हणून किक मारण्यापूर्वी इंजिनच्या आवरणाजवळ हात नेऊन ते थंड असल्याची खात्री करावी. सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ विरून जाते; निळसर धूर येतच राहिला तर ऑइल जळते आहे.

‘फुटकळ गोष्टी नंतर बदलता येतात’ हे वाक्य मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटते, कारण त्यातला ‘नंतर’ म्हणजे शिकून झाल्यावर, आणि चांगल्या ब्रेकची सर्वाधिक गरज शिकतानाच असते. पुढचा शॉकअप चार-पाच वेळा दाबून पाहावा. नळीवर ऑइलचे कडे उमटले तर सील गेले आहे, आणि ते ऑइल ओघळून डिस्कपर्यंत पोहोचले तर पुढचा ब्रेक आयत्या वेळी दगा देतो. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती वाचावी. मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावर, चेन बोटाने मागे ओढावी. दात अर्ध्याहून अधिक उघडा पडला, किंवा दात हुकासारखे वाकलेले दिसले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलण्याचा खर्च किमतीत धरावा. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवावे. मधोमध अडकल्यासारखे जाणवले तर कोन-सेट गेला आहे. हँडल शेवटपर्यंत वळल्यावर जिथे टेकते तो टेका चेपलेला किंवा तुटलेला असेल, अथवा त्याच्याजवळ चॅसिसचा रंग तडकलेला असेल, तर गाडी समोरून आदळलेली असण्याचा दाट संभव आहे आणि ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ही सगळी तपासणी वीस मिनिटांची आहे.

मोठी गाडी घेण्याच्या सल्ल्याला थोडक्यात उत्तर देता येते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि वेगाचा अंदाज अजून न आलेल्या हातात तो वेग क्षणात देणारी गाडी असू नये. 100 ते 125 सीसीची गाडी साधारण 110 ते 125 किलोंची असते. ती पडली तर एकट्याने उचलता येते. लहान गाडी म्हणजे तात्पुरती सोय हा समजही खोटा आहे. 1958 साली आलेल्या होंडाच्या सुपर कबची निर्मिती 2017 पर्यंत 10 कोटींवर गेली, ती काही केवळ नवशिक्यांमुळे नव्हे. त्याच कंपनीने 1976 साली बाजारात आणलेल्या सीजी 125 चे इंजिन देखभालीची हेळसांड सोसेल अशा रीतीने मुद्दाम साधे, पुशरॉडचे (झडपा लांब दांड्यांनी उघडणारे) ठेवले होते. असे साधे आणि मोठ्या संख्येने खपलेले मॉडेल निवडले, की पडल्यावर मोडणारे लिव्हर, इंडिकेटर, फूटरेस्ट कुठेही आणि स्वस्तात मिळतात. सल्ल्यातल्या ‘पडणारच’ या भीतीवरचा खरा उपाय हा आहे.

कागदपत्रांचा उल्लेख त्या सल्ल्यात नसतोच. चॅसिसवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकांशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, आणि आकड्यांभोवतीचा धातू कानशीने घासलेला दिसला तर तिथूनच परतावे.

शेवटी एक अडचण उरते: ज्याला अजून चालवता येत नाही त्याने गाडी चालवून कशी पाहावी? त्याने स्वतः फक्त बसून पाहावे, दोन्ही पाय जमिनीवर पुरेसे टेकतात का आणि बोटे लिव्हरपर्यंत आरामात पोहोचतात का हे बघावे, आणि चालवण्यासाठी जाणत्या माणसाला सोबत न्यावे. तो फेरी मारून आला की त्याला पिकअपबद्दल विचारू नये. क्लच दर वेळी एकाच ठिकाणी पकडतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि थांबल्यावर न्यूट्रल सहज पडतो का, हे तीन प्रश्न विचारावेत.