उमेदवारानं भूमिका कशी घ्यावी आणि कुठं ठेवून यावी

कोल्हापुरात लोकसभेचं तिकीट हातात पडलं की पहिल्या तासात फटाके, दुसऱ्या तासात अंबाबाईचं दर्शन आणि दिवेलागणीच्या आत पत्रकारांचा प्रश्न: "साहेब, स्थानिक आणि राष्ट्रीय प्रश्नांवर आपली भूमिका काय?" नवखे उमेदवार इथंच आपटतात. भूमिका असावी लागते असं त्यांना खरंच वाटतं. मग ते बोलतात, आणि बोललेलं पुढं पाच वर्षं कुणाच्या तरी मोबाईलमध्ये जपून ठेवलं जातं.

तेव्हा आधी राज्यघटनेची सातवी अनुसूची पाठ करा. गटार, पाणीपुरवठा, हद्दवाढ हे विषय राज्याच्या यादीत. रेल्वे आणि आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राच्या. विजेचा कायदा दिल्लीचा, पण कारखानदाराच्या बिलावरचा दर ठरतो मुंबईत. स्पर्धा परीक्षेची पोरं हे उत्तर द्यायला पाठ करतात. तुम्ही उत्तर कुठं द्यायचं नाही हे कळावं म्हणून करायचं. जे खासदाराच्या हातात नाही, त्यावर छातीठोक बोला. जे हातात आहे, त्यावर फक्त "पाठपुरावा" करा.

मग मतदारसंघाचा नकाशा भिंतीवर लावा. कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कागल, राधानगरी, चंदगड. सहा विधानसभा, म्हणजे एका प्रश्नाला किमान तीन उत्तरं: एक पेठेतलं, एक पेठेला खेटून असलेल्या गावातलं आणि एक घाटाकडचं. तिन्ही उत्तरं एकाच कार्यकर्त्याच्या खिशात देऊ नका. घाईत तो चिठ्ठ्यांची अदलाबदल करतो आणि पाचगावात शिवाजी पेठेचं भाषण होतं.

हद्दवाढीपासून सुरुवात करा, कारण सरावाला याहून चांगला विषय नाही. १९७२ साली महापालिका झाली तेव्हापासून हा प्रश्न आहे आणि कितीतरी निवडणुका त्यानं एकट्यानं पोसल्यात. शहराला हद्दवाढ हवी, कारण हद्द नाही म्हणून निधी नाही. उचगाव, पाचगाव, कळंबा, शिरोलीला ती नको, कारण घरफाळा वाढेल, गायरान जाईल आणि सरपंचाची खुर्चीही जाईल. (शेवटचं कारण कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.) मध्यंतरी २०१७ साली ४२ गावांचं प्राधिकरण करून सरकारनं दोन्ही बाजूंची सारखीच नाराजी मिळवली. हा सगळा निर्णय राज्य सरकारचा. खासदाराचा त्यात संबंध शून्य, म्हणून मोकळेपणानं बोलायला जागा भरपूर. बिंदू चौकात म्हणा, "शहराचा विकास झालाच पाहिजे." उचगावात म्हणा, "ग्रामस्थांना विश्वासात घेतल्याशिवाय एक पाऊलही नाही." दोन्ही वाक्यं एकदम छापायची वेळ आली तर मध्ये "परंतु" घाला. जाहीरनामा तयार.

आता पूर. हा विषय जड आहे, सावकाश घ्या.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे दोन आकडे चुकलात तर कोल्हापुरात तुम्हाला पानपट्टीवाला सुद्धा मत देणार नाही. इथलं शेंबडं पोरही जुलैमध्ये सकाळी उठल्यावर पातळी विचारतं, आणि राधानगरी धरणाचे सातपैकी किती दरवाजे उघडलेत हे शाळा सुटायच्या आत त्याला ठाऊक असतं. २००५, २०१९, २०२१ ही सालं ओळीनं म्हणता आली पाहिजेत. मात्र निवडणूक येते एप्रिल-मेमध्ये, तेव्हा पंचगंगेत गुडघाभर पाणी आणि त्याच्यावर जलपर्णी. त्यामुळं "कायमस्वरूपी उपाययोजना" हा शब्द या दिवसांत बिनधोक वापरता येतो. तो तपासायला पाऊस यावा लागतो, आणि पावसाच्या आधी निकाल लागलेला असतो.

पुराचं कारण विचारलं तर आलमट्टी, म्हणजे कृष्णेवरचं कर्नाटकातलं धरण; त्याच्या फुगवट्यानं इथं पाणी तुंबतं अशी इथली भावना. धरणाची पूर्ण साठ्याची पातळी ५१९.६० मीटर, कर्नाटकला ती ५२४.२५६ करायची आहे. दशांशापुढचे तिन्ही आकडे स्पष्ट उच्चारा. तीन दशांश सांगणाऱ्या माणसाची कुणी उलटतपासणी घेत नाही. पुढची पायरी नाजूक आहे. बंगळूरात सत्ता विरोधकांची असेल तर "कर्नाटकची मुजोरी खपवून घेणार नाही". आपल्याच पक्षाची असेल तर "केंद्रानं मध्यस्थी करावी". केंद्रातही आपलेच असतील तर "विषय न्यायप्रविष्ट आहे". तिन्ही वाक्यं कार्डावर लिहून ठेवा; सरकारं मध्येच बदलतात.

घोळ कुठं होतो तेही सांगतो. गर्दीत एखादा निवृत्त अभियंता उभा राहतो आणि म्हणतो, २०१९ च्या पुराचं खापर वडनेरे समितीनं आलमट्टीवर फोडलं नव्हतं, तिनं नदीकाठच्या अतिक्रमणांकडं बोट दाखवलं होतं, त्याचं काय? इथं घाम पुसायचा नाही. "समितीचा मला आदर आहे, पण जनभावना वेगळी आहे," म्हणा आणि पुढचा प्रश्न घ्या. कारण अतिक्रमणांचा धागा ओढला की पूररेषा निघते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. शंभर वर्षांच्या हिशेबातला पूर इथं २०१९ आणि २०२१ असा लागोपाठ आला आणि दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तरी रेषेच्या आत इमले उठतातच. पूरग्रस्तांच्या बैठकीत "पूररेषेत बांधकामं झालीच कशी?" असा सवाल तुम्हीच करा. बांधकाम व्यावसायिकांच्या मेळाव्यात "पूररेषेचं फेरसर्वेक्षण झालं पाहिजे" म्हणा. दोन्ही कार्यक्रम एकाच दिवशी ठेवू नका, छायाचित्रकार तोच असतो.

पुराचं पाणी दुष्काळी भागाला वळवण्याची योजना हाही चांगला माल आहे. इथं विकायचं "पूर जाणार" म्हणून, दुष्काळी भागातल्या मित्रपक्षानं तिकडं विकायचं "पाणी येणार" म्हणून.

नदीच्या प्रदूषणावर मात्र बेताचं बोला. जयंती नाल्याचं सांडपाणी पंचगंगेत जातं हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण नदी पुढं वाहत शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि शिरोळ येतं हातकणंगले मतदारसंघात. घाण आपली, मतं शेजारच्याची. तिकडचा उमेदवार "कोल्हापूरच्या घाणीवर" गरजेल, गरजू द्या. त्याची परतफेड कागलमध्ये करता येते: इचलकरंजीला सुळकूडमधून दूधगंगेचं पाणी न्यायची योजना आहे ना, "एक थेंब देणार नाही" म्हणा आणि मूठ आवळा. इचलकरंजीत तुम्हाला एकही मत नाही, त्यामुळं हा निर्धार अगदी फुकट पडतो.

ऊस. इथं थट्टा संपते, कारण हा विषय खरोखर दिल्लीचा आहे, म्हणजे तुमचा. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान भाव, केंद्र ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. १२.२५ उतारा धरा, ४२४२ होतात. त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. हे गणित मेळाव्यातला प्रत्येक शेतकरी तोंडी करतो, म्हणून कागदाकडं बघत आकडा वाचू नका. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. पैसे चौदा दिवसांत, नाहीतर पंधरा टक्के व्याज. पहिल्या निम्म्या वाक्याला टाळ्या पडतात. व्याज कुणाला मिळालं असं कुणी विचारलं की माईक खरखरतोय असं भासवा.

तुम्ही स्वतः कारखान्याचे चेअरमन असाल, आणि इथं असण्याचीच शक्यता जास्त, तर दोन टोप्या लागतील. शेतकऱ्यांसमोर: "घामाचं दाम मिळालंच पाहिजे." कारखानदारांसमोर: साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो ठरला, तेव्हा एफआरपी टनाला २७५० होती, एफआरपी चढत गेली, साखरेकडं कोण बघणार? दुसरं म्हणणं खरं आहे आणि पहिलंही. म्हणूनच ते संसदेत मांडायच्या लायकीचं आहे, आणि म्हणूनच प्रचारात "दिल्लीत आवाज उठवू" याच्या पुढं जायचं नाही. काट्याचा विषय कुणी काढलाच, तर वजनकाटा राज्याच्या वैधमापन खात्याकडं येतो. बघा, सातवी अनुसूची कुठं कुठं कामाला येते!

रेल्वेही दिल्लीचीच, तेव्हा तिथंही जपून. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, सह्याद्री उतरून कोकणात. आश्वासन म्हणून याच्याइतका टिकाऊ रूळ दुसरा नाही, गंजत नाही कारण टाकलेला नाही. धोका एकच: मिरज-कोल्हापूर मार्गाचं काम १८८८ ला सुरू झालं आणि १८९१ ला गाडी धावली, हे कुणीतरी म्हातारं माणूस सभेत सांगतं. तसं झालं तर लगेच शाहू महाराजांना अभिवादन करा. महाराजांच्या नावानं टाळी पडते आणि तेवढ्यात विषय बदलता येतो.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सोपं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सहा जिल्ह्यांसाठी सुरू झालं, चाळीस वर्षं भांडले वकील आणि पक्षकार. श्रेय सगळ्यांनी घेऊन झालंय, तुम्हीही घ्या. विमानतळाबद्दल नवीन शहराचं नाव घ्या, पुरे. कोल्हापुरी चपलेवर २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या फॅशन कंपनीचं प्रकरण गाजलं, त्याबद्दल संताप व्यक्त करा. पायात त्या वेळी कोणते बूट आहेत तेवढं आधी बघा.

शक्तिपीठ महामार्गावर सावध. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत आखलेला हा रस्ता राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, पण २०२४ ला लोकसभेच्या प्रचारात त्यानं इथल्या भल्याभल्यांना घाम फोडला. पक्ष सत्तेत असेल तर "शेतकऱ्यांवर अन्याय होऊ देणार नाही", नसेल तर "रद्द झालाच पाहिजे". बाधित गावात मात्र सत्तेतल्यानंही "रद्द"च म्हणायचं असतं, आणि ते हळू.

आता राष्ट्रीय मुद्दे. यात काही अवघड नाही. गल्लीत ड्रेनेज तुंबल्याचं कुणी विचारलं की देशाची सुरक्षा, जगात उंचावलेली मान, सीमेवरचा जवान. आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यानं जीएसटी, कोक आणि निर्यातीचं खरंखुरं राष्ट्रीय दुखणं मांडलं की एकदम स्थानिक व्हा: "एमआयडीसीतले रस्ते आपण आधी करून घेऊ." वीजदरामुळं कारखाने कर्नाटकात न्यायची भाषा ते करतील. घाबरू नका, ती ते दर निवडणुकीला करतात. तुम्ही बैठक लावण्याचं कबूल करा. तारीख देऊ नका.

इतकी सगळी मतं तयार झाल्यावर अर्जाचं बघा. नमुना २अ, सोबत नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र, अनामत २५ हजार. दसरा चौकातून निघा, पण वेळ सांभाळा. तीनच्या ठोक्याला अर्ज बंद, आणि हलगीवाल्याला हे माहीत नसतं. कार्यालयाच्या शंभर मीटरमध्ये तीनच गाड्या आणि आत तुमच्यासह पाचच जण; सहावा जो बाहेर राहतो तो पुढं बंडखोरी करतो, त्याला आधीच चहाला बोलवा. प्रतिज्ञापत्रात एकही रकाना कोरा सोडू नका, "निरंक" लिहा. संपत्ती, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं विचारलेलं असतं. भूमिका काय, एवढं एकच विचारलेलं नसतं.

खर्चाची मर्यादा ९५ लाख. नोंदवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. तांबडा-पांढरा रस्सा कुठल्या पानावर मांडायचा हे वहीत दिलेलं नाही. अनुभवी खजिनदार "अल्पोपाहार" लिहितात. जाहीरनाम्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायला विसरू नका, चुकलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आत काय छापलंय याला शिक्षा नाही, तेव्हा नाव-पत्ता दोनदा तपासा आणि मजकूर एकदाही नको.

निवडून आलात तर लगेच अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाका: पंचगंगेच्या पुराबाबत सरकारनं कोणती पावलं उचलली? पंधरा दिवसांच्या नोटिशीनं उत्तर येईल आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असेल की पाणी हा राज्याचा विषय आहे. निराश होऊ नका, तुम्ही हे आधीच पाठ केलंय. त्या उत्तराचा फोटो काढून "संसदेत कोल्हापूरचा आवाज घुमला" असा फलक मिरजकर तिकटीला लावा. शून्य प्रहरात बोलतानाचा फोटोही टाका, फक्त तुमच्या मागचे रिकामे बाक डिझायनरला कापायला सांगा.