मुलाम्याची किटली

माझ्याकडे सात जुन्या किटल्या होत्या आणि एकीतूनही चहा नीट निघत नव्हता.

पहिली मिळाली खामगावला, भंगारवाल्याच्या काट्यावर. कुकरची झाकणं, पंख्याची पाती आणि मधोमध ही काळीठिक्कर पडलेली मेमसाहेब. खामगाव म्हणजे चांदीचा बाजार, त्यात कापसासाठी १८७० सालीच इथं आगगाडी आलेली. तेव्हा कापसामागे आलेल्या एखाद्या साहेबाचीच असणार, असं मी परस्पर ठरवून टाकलं. बुडाखाली बारीक ठसे होते, ई.पी.एन.एस. भंगारवाल्याला ते वाचता आले नाहीत, मला वाचता आले पण कळले नाहीत. सौदा बरोबरीत सुटला.

घरी सांगितलं, चांदीची आहे. सराफानं मात्र कसोटीवर घासून परत दिली. "वरून चांदी, अंदर काई नाई." अंदर होतं ते निकेल सिल्व्हर. नावात सिल्व्हर, पण चांदी औषधालाही नाही. नुसतं तांबं, निकेल आणि जस्त. त्यावर विजेनं चांदीचा पापुद्रा चढवायचा, तेच ते ई.पी.एन.एस. त्याचं पेटंट १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं घेतलं. एवढी सगळी माहिती मी बायकोपासून लपवून ठेवली आणि आणखी सहा किटल्या आणल्या.

मग एकदा पाहुणे आले. हौसेनं म्हटलं, चहा किटलीतून देऊ. आता ही किटली बनली कोऱ्या चहासाठी. तोटी जिथं पोटाला जुळते तिथं आतून जाळी असते, मोहरीएवढ्या छिद्रांची, पत्ती अडवायला. आणि आपला चहा गंजात रटरटलेला, म्हशीच्या दुधाचा, ठेचलेल्या अद्रकाचा! पहिला कप कसाबसा भरला. दुसऱ्या कपाला सायीनं जाळीवर गादी घातली. मी किटली वाकवली, आणखी वाकवली. तोटीतून थेंब येईना, आणि झाकण सुटून सगळा चहा पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरावर.

"काऊन जी," पाहुणे धोतर झटकत म्हणाले, "गिलास नाईत का घरात?"

त्या गडबडीनंतर किटली धुवायला आईकडे गेली. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं. कढत पाणी, खायचा सोडा आणि अॅल्युमिनियमचा कागद एवढ्यानं भागतं. पण आईचा हात राख आणि चिंचेवर बसलेला. तिनं नारळाच्या काथ्यानं ती अशी घासली की दीडशे वर्षांचा पापुद्रा पाटाच्या पाण्याबरोबर वावरात गेला. पोटावर पिवळसर चट्टा उमटला. "पाय, कशी निंगाली," आई म्हणाली. निघाली खरी.

तोवर गावात बोभाटा झाला होता की दादाच्या घरी सात किटल्या चांदी हाय. चोराचं भ्या वेगळंच, आधी चुलतभाऊ आला. आजोबांच्या वाड्यात काही गाडलेलं सापडलं का, याची आडून चौकशी करू लागला. वाटणीचा वास येताच मी चट्टेवाली किटली त्याच्या पुढ्यात आदळली. ठसे दाखवले, निकेल दाखवलं, बर्मिंगहॅमपर्यंत जाऊन आलो. "एक गुंजबी चांदी नाई यात. भंगार हाय निरं, भंगार!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

भावानं किटली उलटीसुलटी करून पाहिली. "भंगारच हाय त दे ना मंग एक मले," तो म्हणाला. "वासराले औषध पाजाले कामी येईन. तोटी लय मस्त हाय."

मी तोंड उघडायच्या आत बायको दारात आली. हातात पेपरात गुंडाळलेल्या दोन किटल्या, त्यातली एक माझी सगळ्यात आवडती, बिनचट्ट्याची.

"एकच काऊन नेता, भाऊजी? वासरं दोन हायेत ना तुमचे."