तेल काढलेलं इंजिन चाललं, म्हणून काय सिद्ध झालं?

हा व्हिडिओ वेगवेगळ्या अवतारांत मोबाइलवर फिरत असतो. टेबलावर गवत कापण्याच्या यंत्राची किंवा पाण्याच्या पंपाची दोन छोटी पेट्रोल इंजिनं. एकात साधं ऑइल, दुसऱ्यात तेच ऑइल आणि वरून एका बाटलीतलं अ‍ॅडिटिव्ह. दोन्ही थोडा वेळ चालवायची, ड्रेन बोल्ट उघडून ऑइल काढून टाकायचं आणि पुन्हा चालू करायची. साध्या ऑइलचं इंजिन काही मिनिटांत कण्हत कण्हत जाम होतं, दुसरं फटफटत राहतं. खालचा मजकूरही ठरलेला : बिना ऑइल एवढं चाललं तर ऑइल असताना किती चालेल? आजच गाडीत टाका, झीज निम्मी, इंजिन दुप्पट टिकेल.

व्हिडिओ खोटा आहे असं मी म्हणत नाही. जे दिसतं ते बहुतेकदा खरोखर घडलेलं असतं. गडबड आहे ती त्यातून काढलेल्या निष्कर्षात, म्हणून दावे एकेक करून पाहू.

"इंजिन तेलाशिवाय चाललं"

चाललं ते उरलेल्या तेलावर. ड्रेन बोल्टमधून चेंबरमधलं वाहतं ऑइल जातं, पण सिलिंडरच्या भिंतीवर, रिंगांच्या खाचांत, बेअरिंगच्या फटीत आणि कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यांवर) पातळ थर राहतोच. होंडाच्या जीएक्स१६० सारख्या १६३ सीसीच्या इंजिनात ऑइल मावतं जेमतेम ०.६ लिटर, आणि या वर्गातल्या बहुतेक इंजिनांत ते दाबाने फिरवणारा पंप नसतो. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा तुकडा असतो, तो फिरताना ऑइल उडवतो. बाकी सगळं तुषारांवर भागतं.

दुसरं म्हणजे टेबलावरच्या इंजिनावर लोड शून्य असतो. ना पाणी उपसायचं, ना माती उकरायची. स्वतःचं घर्षण भागवण्यापुरतं पेट्रोल जळतं, उष्णता कमी तयार होते आणि फ्लायव्हीलचा पंखा मात्र वारा घालतच असतो. तेच इंजिन पंपाला जोडून पूर्ण लोडवर चालवलं असतं तर दोन्हींचा निकाल पटकन लागला असता, फरक उरला असता की नाही ही पुढची गोष्ट.

"दोन्ही इंजिनं अगदी सारखी होती"

एका ब्रँडची, एका मॉडेलची, इथपर्यंत ठीक. पण अशा इंजिनात बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड वेगळ्या बेअरिंग शेलशिवाय थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या पोलादी खुंटीवर फिरतो. ऑइल संपलं की तिथलं अ‍ॅल्युमिनियम तापून पिनला चिकटतं आणि इंजिन जाम होतं. रॉड तुटला तर चेंबर फोडून बाहेरही येतो. हे केव्हा होणार हे तिथल्या फटीवर ठरतं, आणि ती फट एकाच दिवशी बनलेल्या दोन इंजिनांत थोडी वेगळी असू शकते. त्यातून इंजिनं जुन्या बाजारातली असली तर बोलायलाच नको. दोन्ही बाजूंना एकेकच इंजिन असताना फरक बाटलीचा की रॉडचा, हे सांगता येत नाही. दोन्हींत साधंच ऑइल घालून तीच परीक्षा घेतली असती तरी एक आधी बंद पडलंच असतं. त्याचा व्हिडिओ कोण टाकणार?

"जास्त वेळ टिकलं ते अ‍ॅडिटिव्हच्या रसायनामुळेच"

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा मुद्दा अनेक जाणकार मिस्त्रीही सोडून देतात. बाटलीतलं द्रव्य अनेकदा मधासारखं घट्ट असतं. ते ऑइलमध्ये मिसळलं की मिश्रण घट्ट होतं, आणि घट्ट मिश्रण ड्रेन केल्यावर आत जास्त चिकटून राहतं. म्हणजे तुलना एका रसायनाची नसून आत जास्त ऑइल उरलेल्या आणि कमी ऑइल उरलेल्या इंजिनांची झाली. खरी तुलना करायची तर तिसरं इंजिन हवं : कोणतंही अ‍ॅडिटिव्ह नसलेलं, पण तितकंच घट्ट ऑइल घातलेलं. हे तिसरं इंजिन अशा व्हिडिओंत मला तरी दिसलेलं नाही.

रसायनाचा परिणाम मुळीच नसतो असंही नाही. क्लोरिनयुक्त पॅराफिनसारखी द्रव्यं धातू कापण्याच्या तेलांत वर्षानुवर्षं वापरली जातात. प्रचंड दाब आणि उष्णतेत ती लोखंडाशी संयोग पावून एक निसरडा थर बनवतात. फिरत्या रिंगवर पोलादी ठोकळा दाबून धरणाऱ्या टिमकेन यंत्रावर बाजारात जी प्रात्यक्षिकं दाखवतात, त्यांतली जादू बहुधा हीच. त्या यंत्रावर शाम्पूसुद्धा इंजिन ऑइलला मागे टाकतो, हे लोकांनी करून दाखवलं आहे. शाम्पू घालून गाडी चालवायला मात्र कोणी तयार होत नाही.

"बिना ऑइल टिकलं, तर ऑइल असताना नक्कीच जास्त टिकेल"

सगळ्या मजकुराचा कणा हाच, आणि मोडतो तोही इथेच. व्यवस्थित ऑइल असलेल्या इंजिनात क्रँकची बेअरिंग धातूवर धातू घासत नाहीत. फिरण्याच्या वेगानेच मध्ये ऑइलचा थर तयार होतो आणि तो थरच लोड पेलतो. तिथे महत्त्व असतं ऑइलच्या घट्टपणाला. धातूला धातू टेकण्याची वेळ येते ती कॅमवर, पिस्टन वर-खाली टोकाला क्षणभर थांबतो तिथे आणि चालू-बंद करताना. त्या जागांसाठी ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं झीजरोधक संयुग आधीच घातलेलं असतं. उपाशी माणूस किती दिवस तग धरतो यावरून रोजच्या जेवणाचा कस ठरवावा, तसा हा प्रकार आहे.

झीज खरोखर कशी मोजतात ते पाहा. कार इंजिन ऑइलसाठी अनेक वर्षं वापरलेली सीक्वेन्स ४ए ही चाचणी निसानच्या २.४ लिटर इंजिनावर होत असे. इंजिन १०० तास चालायचं, तासातली ५० मिनिटं ८०० आरपीएमवर आणि १० मिनिटं १५०० वर. वेग मुद्दाम कमी ठेवलेला, कारण कॅमवर ऑइलचा थर तेव्हाच सर्वांत पातळ असतो. शेवटी कॅमच्या प्रत्येक उंचवट्यावर सात ठिकाणी झीज मोजायची. एपीआय एसएन या ऑइलच्या अमेरिकी दर्जाला सरासरी ९० मायक्रोमीटर ही कमाल मर्यादा होती. आधी झीज माहीत असलेलं संदर्भ ऑइल चालवून चाचणीचं इंजिन भरवशाचं आहे ना, हेही तपासतात. या सगळ्यात ऑइल काढून टाकण्याची पायरी कुठेच नाही.

"अमेरिकेत हे कधीच सिद्ध झालंय"

अमेरिकेत याच्या उलट घडलं. १९९०च्या दशकात तिथल्या टीव्हीवर ऑइल काढलेल्या इंजिनांच्या लांबलचक जाहिराती चालत. फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाने १९९६ मध्ये स्लिक ५० या अ‍ॅडिटिव्हच्या कंपनीविरुद्ध तक्रार नोंदवली. आयोगाचं म्हणणं होतं की मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ऑइल असेल तर बहुतेक इंजिनांना चालू होतानाही पुरेसं संरक्षण मिळतंच. पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली. मग प्रोलाँग, मोटर अप, ड्युरा ल्यूब यांच्यावरही कारवाया झाल्या.

झेडमॅक्स नावाच्या अ‍ॅडिटिव्हचं प्रकरण तर वाचण्यासारखं आहे. २००१ च्या तक्रारीत आयोगाने आरोप केला की कंपनीने स्वतः करून घेतलेल्या चाचणीत अ‍ॅडिटिव्ह घातलेल्या ऑइलमुळे बेअरिंगचं गंजणं दुपटीहून जास्त झालं होतं, आणि जाहिरातीत ते आकडे गाळून बाकीचे तेवढे दाखवले गेले. २००३ मध्ये दहा लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं.

"चांगलं असूनही ऑइल कंपन्या मुद्दाम घालत नाहीत"

घालतात की! इंजिन ऑइलमध्ये दहा टक्क्यांहून अधिक भाग सहज रसायनांचा असतो. मर्यादा असते ती दुसऱ्या कारणाने. फॉस्फरस जास्त झाला तर सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून कारच्या पातळ ऑइलमध्ये तो ०.०८ टक्क्यांपर्यंत ठेवतात.

"फायदा नाही झाला तरी नुकसान तर नाही ना"

मोटरसायकलवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलात बुडालेले असतात. क्लच प्लेटांना घर्षण हवंच असतं, म्हणून जपानी मानकात अशा ऑइलना जासो एमए असा वेगळा दर्जा आहे. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० ऑइल सांगितलंय, तेही जासो एमएचं. त्यात घर्षण कमी करणारी बाटली ओतली तर क्लच घसरू शकतो. मग आवाज वाढतो, गाडी चढावर ओढत नाही आणि प्लेटा जळतात. क्लोरिनवाल्या द्रव्याचा धोका निराळा : ज्वलनातून आलेल्या पाण्याशी गाठ पडली की त्यातून आम्ल तयार होऊन बेअरिंगला खातं. हे नुकसान पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत दिसणार नाही.

"निदान ऑइल गळून गेलं तर जीव तरी वाचेल"

सगळ्या दाव्यांत मला हाच थोडाफार पटण्यासारखा वाटतो. रिकाम्या इंजिनाला काही मिनिटं जास्त मिळतीलही. पण लोडखाली ती किती, याचं उत्तर व्हिडिओत नाही. शिवाय शेतातल्या छोट्या इंजिनाचं ऑइल संपतं ते क्वचितच एकदम गळून. पातळी हळूहळू उतरते, कोणी डिपस्टिक पाहत नाही, नाहीतर उताराच्या वाफ्यात पॉवर वीडर (तण काढण्याचं यंत्र) इतका कलतो की पळी ऑइलपर्यंत पोचतच नाही. जीएक्स१६० च्या मॅन्युअलमध्ये २० अंशांहून जास्त कलवू नका असं स्पष्ट लिहिलंय. काही मॉडेलना पातळी खाली गेली की इंजिन बंद करणारा सेन्सर येतो. वीडर किंवा पंप घेताना दुकानदाराला तो आहे का हे विचारा. सेन्सर नसेल तर रोज चालू करण्याआधी इंजिन सपाट जागी ठेवून डिपस्टिक काढून बघा, आणि पहिलं ऑइल २० तासांनी बदला.