गाड्या वेळेवर होत्या, हे छापलं कोणी?

जून सरत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. पाठवणारे काका निवृत्त बँक कर्मचारी, सरळमार्गी माणूस. मेसेज दरवर्षी तोच असतो, फक्त फुलांची चित्रं बदलतात: ‘आणीबाणीत गाड्या घड्याळ लावून धावायच्या. साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत. भाव उतरले, काळाबाजारवाले आत गेले. ज्यांची राजकारणाची दुकानं बंद झाली, त्यांनीच बोंब मारली. तुरुंगातही त्यांची बडदास्तच होती. विनोबांनी त्या काळाला अनुशासन पर्व म्हटलं. जे झालं ते कायद्यानं झालं. सामान्य माणसाला काय त्रास झाला, सांगा!’

काका, यंदा सांगतो.

गाड्यांवरून भांडण नाही. तुम्ही रोज लोकलनं जात होतात, तुमची आठवण मी कोण खोटी ठरवणार? पण त्याआधीचं वर्षही आठवून बघा. मे १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला होता, जवळजवळ वीस दिवस चाललेला. हजारो कामगारांना अटक करून, क्वार्टरमधून बायकापोरांना बाहेर काढून तो मोडला. हे सगळं आणीबाणी यायच्या आधी. कामगारांचा कणा तेव्हाच मोडला होता, त्यानंतरच्या शांततेला आपण वक्तशीरपणा म्हणतो.

भावांचंही तसंच. महागाईचा दर सप्टेंबर १९७४ मध्ये तीस टक्क्यांच्या वर गेला आणि तिथून उतरायला लागला. जून १९७५ अजून नऊ महिने लांब होता. तो उतरला त्यामागे जुलै १९७४ चे वटहुकूम होते. पगारवाढ आणि निम्मा वाढीव महागाई भत्ता सक्तीनं ठेवीत टाकला गेला, म्हणजे स्वस्ताई आणली ती पगारदारांच्याच खिशातून. वर १९७५ चा पाऊस चांगला झाला, धान्याचं पीक बारा कोटी टनांवर गेलं. मेघराजाला काही मिसाची, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या कायद्याची, नोटीस गेली नव्हती. स्मगलरांना पकडायचा कॉफेपोसा कायदाही १९७४ चा. आणीबाणीची स्वतःची म्हणावी अशी कमाई बघायची तर किमान बोनसकडे बघा: सप्टेंबर १९७५ मध्ये तो ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. गिरणगावात त्यावर मोर्चा निघाला असता, पण मोर्चा काढणारे आत होते.

आता मला खरं विचारायचंय ते हे, की हे सगळं छान चाललंय, असं तेव्हा तुम्हाला सांगत कोण होतं? २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडली. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर पुढे कोरी जागा सोडायलाही मनाई झाली. टागोर आणि गांधी यांची स्वातंत्र्यावरची वचनंसुद्धा सेन्सॉरनं अडवली. किशोरकुमारनं सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमाला नकार दिला म्हणून त्याची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली. तुम्ही त्याचे एवढे चाहते, ते तुम्हाला त्रास म्हणून आठवत कसं नाही, याचं मला नवल वाटतं. त्याच २८ जूनला मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता आली: डी. ई. एम. ओ’क्रसी, टी. रूथ यांचे पती, एल. आय. बर्टी यांचे वडील, फेथ, होप आणि जस्टिशिया यांचे बंधू, २६ जून रोजी निवर्तले. आद्याक्षरं जोडून मोठ्यानं वाचलं की कळतं कोण गेलं ते. सेन्सॉरनं बहुतेक मोठ्यानं वाचलं नाही.

तर गाड्यांची बातमी छापायला मोकळीक होती, बाकीच्यांची नव्हती. पन्नास वर्षांनी आपण दोन्हींची तुलना करतो आणि म्हणतो, दुसऱ्या बाजूला तर काहीच दिसत नाही.

‘बोंब फक्त राजकारण्यांनी मारली.’ आणीबाणीतल्या अतिरेकांची नंतर चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं नोंदवलेले आकडे असे: मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयआर म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ जणांना अटक. एवढे पुढारी या देशात पंचायतीपासून मोजले तरी एका झटक्यात सापडायचे नाहीत. त्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, युनियनची पावती फाडणारे होते, संघाचे होते, समाजवादी, जमाते इस्लामीवाले, नक्षलवादी म्हणून उचललेले होते. मोहन धारियांसारखे काँग्रेसचेच खासदारही होते. उलट, आणीबाणीला पाठिंबा देणाऱ्यांत भारतीय कम्युनिस्ट पक्ष होता आणि शिवसेनाही. तेव्हा आजच्या पक्षांच्या झेंड्यांवरून त्या काळाचा हिशेब मांडू गेलात तर कोणाचाच ताळा जमणार नाही.

आणि ज्याचा राजकारणाशी संबंधच नव्हता, त्याचं काय? जानेवारी १९७६, बार्शी. नसबंदीची मोहीम, उद्दिष्ट हजाराचं. पहिले दोन दिवस कोणी फिरकलं नाही, मग गावातून ट्रक फिरले आणि बाजाराला आलेले शेतकरी त्यांत कोंबून शस्त्रक्रियेला नेले. पटका, पिशवी, बाजारहाट तिथंच राहिला असेल. दिल्लीत तुर्कमान गेटजवळ, मुझफ्फरनगरला गोळीबार झाले. देशभरात १९७५-७६ मध्ये सव्वीस लाखांवर आणि १९७६-७७ मध्ये एक्क्याऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आयोगापुढे आली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. काका, तुम्ही चार भावंडं. आजोबांचं काय झालं असतं, हा हिशेब तुम्हीच करा.

‘तुरुंगात बडदास्त होती.’ काही ठिकाणी होती, नाकारण्यात अर्थ नाही. येरवड्यात बराकी भरलेल्या, त्यात वर्ग चालत, खेळ होत, वाद रंगत. बऱ्याच जणांनी नंतर त्या दिवसांबद्दल हसत लिहिलं. हसत लिहिलं म्हणून ते दिवस हसण्यावारी गेले असं नाही. जन्मठेपेच्या कैद्यालाही भिंतीवर रेघा ओढायची सोय असते. मिसाबंदीला किती रेघा ओढायच्या तेच ठाऊक नव्हतं. आरोप नाही, खटला नाही, सुटकेची तारीख नाही. जून १९७५ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती करून अटकेचं कारण सांगायचीही जबाबदारी सरकारनं काढून टाकली.

मुंबईच्या समाजवादी नेत्या मृणाल गोरे भूमिगत होत्या, डिसेंबर १९७५ मध्ये पकडल्या गेल्या. त्यांना अकोल्याला ठेवलं. शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी बाई, समोर मनोरुग्ण बाई, जी रात्रंदिवस ओरडायची. मृणालताईंना मारहाण झाली नाही. झोप मात्र कशी लागली असेल? बंगळुरूच्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांना दमा होता. मे १९७६ मध्ये सरकारविरुद्ध स्फोटांचा कट रचल्याच्या बडोदा डायनामाइट प्रकरणात धरलं, आरोपपत्रात शेवटी त्यांचं नावही नव्हतं. तुरुंगात दम्याचे झटके येत राहिले. १५ जानेवारी १९७७ ला पॅरोलवर सोडलं, २० जानेवारीला त्या गेल्या. विरोधकांचे नेते जयप्रकाश नारायण चंडीगढच्या कैदेतून नोव्हेंबर १९७५ मध्ये बाहेर आले ते मूत्रपिंडं निकामी होऊन, मुंबईत जसलोकला. पुढचं सगळं आयुष्य डायलिसिसवर. काही जण सरकारला हमी लिहून देऊन सुटले, हेही खरं आहे. घरी कमावणारं दुसरं कोणी नसलेल्या माणसानं लिहून दिलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

‘विनोबांनी अनुशासन पर्व म्हटलं.’ म्हटलं म्हणजे लिहून दाखवलं. त्यांचं वर्षभराचं मौन चालू होतं. सरकारनं ते दोन शब्द उचलले आणि गावोगाव फलक लावले. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी फोड करून सांगितली: शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. म्हणजे निर्भय, निःपक्ष माणसांनी सांगावं आणि लोकांनी ऐकावं. त्याचा फलक मात्र कुठं लागला नाही. पुढे १९७६ मध्ये गोहत्येच्या प्रश्नावर त्यांनी उपोषण जाहीर केलं, तेव्हा पोलिसांनी पवनार आश्रमात जाऊन ‘मैत्री’ मासिकाचे अंक जप्त केले. ‘सरकारी संत’ म्हणून त्यांची टिंगल झाली, पण त्या संताचा मजकूरही सरकारला पचला नाही. मेसेजमध्ये हे घालायला जागा पुरत नसावी.

‘जे झालं ते कायद्यानं झालं.’ झालं, आणि भीती तिथंच आहे. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पसची, म्हणजे ‘मला का डांबलं ते कोर्टापुढे सांगा’ अशी, दाद मागता येते. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ते फिरवलं. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं होतं: एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केलं, तर? डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयात उपाय नाही. विरोधी निकाल एकट्या खन्नांचा. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चूक होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव होते. घरातली चूक घरातच निस्तरायला एक्केचाळीस वर्षं लागली.

‘त्रास होता तर तेव्हा कोणी बोललं का नाही?’ हे मेसेजमध्ये नाही, पण काका, मागच्या वर्षी तुम्ही ग्रुपवर विचारलं होतंत. बोलले. मधु लिमयांनी तुरुंगातून लोकसभेचा राजीनामा पाठवला, कारण सभागृहानं स्वतःची मुदत स्वतःच वाढवून घेतली आणि त्या वाढीव वर्षाचं सदस्यत्व त्यांना नको होतं. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्रात परराष्ट्रमंत्री. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. लोककथा, पाकक्रिया, ऋतू यांवर लिहिणारी साठी ओलांडलेली बाई. त्यांनी त्याच मंचावरून लोकांना उभं राहून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. घोषणा नाही, शिवी नाही, आजारी माणसासाठी प्रार्थना. पुढच्या वर्षी पोलीस त्यांना न्यायला आले ते एशियाटिकच्या ग्रंथालयात. पुस्तक वाचत बसलेल्या बाईला जिथून उचलून नेतात, तिथं ‘कोणी बोललं का नाही’ हा प्रश्न विचारायचा तरी कोणाला?

राहता राहिला सामान्य माणूस. त्याला मार्च १९७७ मध्ये विचारलं गेलं. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काँग्रेसला एकही जागा नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २०, मुंबईत शून्य. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तुम्हीही ऐकली असेल; पानीवाली बाई म्हणजे मृणालताई, दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. तुमच्या बाजूचंही सांगतो: दक्षिणेनं काँग्रेसला भरभरून मतं दिली. केरळात तर सत्ताधारी आघाडीच पुन्हा निवडून आली आणि आणीबाणीतले गृहमंत्री करुणाकरन मुख्यमंत्री झाले.

त्याच केरळात ईच्चर वारियर नावाचे एक प्राध्यापक वर्षभर मुलाला शोधत होते. राजन, कोळिकोडच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, १ मार्च १९७६ ला पहाटे पोलिसांनी उचललेला. बाप अर्ज करत राहिला, मंत्र्यांना भेटत राहिला, वर्तमानपत्रांत ओळ आली नाही. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि चारच दिवसांत त्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस दाखल केला, कारण आता करता येत होता. सरकारनं आधी सांगितलं, आम्ही त्याला पकडलंच नाही. मग कबूल केलं की तो कक्कयमच्या पोलीस कँपमध्ये मेला. करुणाकरन यांना महिनाभरात पायउतार व्हावं लागलं. तोवर मतदान होऊन गेलं होतं. राजनचा मृतदेह मिळाला नाही.