‘विअर्ड टेल्स’चा शाप आणि ताईचा फॉरवर्ड

रविवारी सकाळी सकाळी ताईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली स्वतःची ओळ जोडली, "बघ रे, असली चित्रं काढणाऱ्यांचं काय होतं ते." टोमणा मला होता, कारण भाचीला पेस्टलची पेटी मीच आणून दिली. त्या पेटीतून पोरीने वटवाघळाचा काळा मुखवटा घातलेली बाई काढली, ‘विअर्ड टेल्स’ या जुन्या अमेरिकी मासिकाचं ऑक्टोबर १९३३ चं मुखपृष्ठ समोर ठेवून. चित्र झकास आलंय. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस काळी भुकटी पडून होती, एवढा गुन्हा कबूल.

फॉरवर्डचं म्हणणं असं. अमेरिकेत ‘विअर्ड टेल्स’ नावाचं शापित भयकथा-मासिक होतं. त्याचा चित्रकार पोटच्या मुलींना उघडं बसवून मुखपृष्ठं रंगवायचा. बायकांचं लिखाण तिथे घेतच नसत, म्हणून त्या नाव लपवायच्या. लव्हक्राफ्ट नावाच्या लेखकाला ‘नेक्रोनॉमिकॉन’ हा काळ्या विद्येचा खरा ग्रंथ मिळाला आणि तो वाचून तो वेडा होऊन मेला. बाकीचे भुकेने मेले. आणि आपल्या नारायण धारपांनी सगळं तिथूनच ढापलं. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

आधी त्या मुलींचं बघू, कारण माझं डोकं तिथेच फिरलं. एखाद्या बापावर असला आरोप करताना निदान त्याचं नाव तरी द्यावं! दिलं असतं तर तिथेच पितळ उघडं पडलं असतं. चित्रकाराचं नाव मार्गारेट ब्रंडेज. म्हणजे बाप नाही, बाई. आणि तिला मुली नव्हत्याच. एक मुलगा, बस्स. ही कंडी आजची नाही, तिकडच्या जाणत्या लोकांच्या लिखाणातही ती शिरली होती. पण नसलेल्या मुली बसवायच्या कुठे, हा साधा प्रश्न फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही पडू नये?

ही १९०० साली शिकागोत जन्मलेली बाई. आधी फॅशनची चित्रं काढायची. नवरा कामगार चळवळीतला, त्याच्याकडून घरात पैसा यायची मारामार. मुलगा आणि आजारी आई हिच्या जिवावर. मंदीच्या ऐन भरात चित्रं काखोटीला मारून ती फार्न्सवर्थ राइट या संपादकाच्या दारात गेली. सप्टेंबर १९३२ मध्ये ‘विअर्ड टेल्स’वर तिचं पहिलं मुखपृष्ठ आलं, पुढे एकूण सहासष्ट झाली. एका मुखपृष्ठाचे नव्वद डॉलर. बाकीचे चित्रकार तैलरंगात काम करत असताना ही कोरड्या पेस्टलमध्ये करायची. ज्याने पेस्टल हाताळलंय त्याला कळेल, बाही घासली तरी गाल पुसला जातो. म्हणून मूळ चित्र काचेखाली ठेवल्याशिवाय हलवायची सोय नव्हती. १९३८ मध्ये मासिक न्यूयॉर्कला गेलं आणि शिकागोहून ही नाजूक चित्रं पाठवणं हाच एक व्याप होऊन बसला. त्यातच न्यूयॉर्कच्या महापौरांनी अश्लील छपाईविरुद्ध मोहीम उघडलेली. बाईचं काम आटलं.

तिने उतारवयात एक मुलाखत दिली होती. माझी सगळी भिस्त त्या मुलाखतीवर आहे, हे कबूल करतो. त्यात ती सांगते की आधी दोन-तीन कच्ची रेखाटनं द्यायची, त्यातलं रंगवायचं कुठलं ते ऑफिसात ठरायचं. एका अंकावर एक बाई दुसरीला बांधून चाबकाने मारतेय असं चित्र होतं. तो अंक झाडून विकला गेला, आणखी हजार-दोन हजार प्रती सहज खपल्या असत्या, म्हणते.

तर फॉरवर्डमध्ये एक अर्धं खरं आहे, तेही देऊन टाकतो. मुखपृष्ठांवर बायका उघड्या होत्या आणि त्या खपासाठीच होत्या. कथेत तसा एखादा प्रसंग घातला की मुखपृष्ठ आपल्याला मिळतं, हे काही लेखकांनी बरोबर हेरलं होतं. वाचकांच्या पत्रांत त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालली. मार्गारेट सही ‘एम. ब्रंडेज’ अशी करायची, त्यामुळे बऱ्याच जणांना तो पुरुषच वाटायचा. पण धंद्यासाठी काढलेलं नागडं चित्र वेगळं आणि पोटच्या पोरींना बसवणं वेगळं. एवढा फरक ताईलाही कळतो, नुसतं वाचायला हवं.

आता नाव लपवणाऱ्या बायका. सी. एल. मूर, म्हणजे कॅथरीन मूर, हिचं उदाहरण सगळे देतात आणि नेमकं तेच चुकीचं आहे. ती इंडियानापोलिसच्या एका बँकेत नोकरीला होती. मंदीत बाहेरून पैसे मिळतात हे बँकेला कळलं तर नोकरी जाईल, म्हणून तिने नुसती आद्याक्षरं लावली. १९३३ मध्ये तिची पहिली कथा हातात पडल्यावर राइटने खूश होऊन त्या दिवशी ऑफिसच बंद केलं म्हणतात. हेन्री कटनर या लेखकाने तिला ‘मिस्टर मूर’ समजून पत्र लिहिलं आणि १९४० मध्ये तिच्याशीच लग्न केलं. आणि बायकांना तिथे जागा नव्हती म्हणता, तर राइटनंतर १९५४ पर्यंत संपादक कोण होतं? डोरोथी मॅकिलरेथ. बाईच.

‘नेक्रोनॉमिकॉन’वर शाई घालवायची इच्छा नाही. लव्हक्राफ्टने ते स्वतः रचलं आणि विचारणाऱ्यांना पत्रांतून तसं स्पष्ट कळवलंही. पुढे चावट लोकांनी ग्रंथालयांच्या कार्डांत त्याची खोटी नोंद घुसवली, १९७७ मध्ये कुणी त्या नावाचं पुस्तकही बाजारात आणलं. तो वेडा होऊन मेला नाही. त्याचे आई-वडील मात्र मनोरुग्णालयात वारले, फॉरवर्डवाल्याने तेच त्याच्या गळ्यात घातलेलं दिसतंय. तो १९३७ मध्ये आतड्याच्या कर्करोगाने गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याची बदनामीच करायची होती तर त्याचा वंशद्वेष आयता होता, खरा आणि किळसवाणा. त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अक्षर नाही.

भुकेचं म्हणाल तर शाप नव्हता, बिलं थकलेली होती. शब्दाला एखादा सेंट, तोही कथा छापून आल्यावर, आणि ‘आल्यावर’ म्हणजे कधी ते देव जाणे. कोनान या रानटी योद्ध्याच्या कथांचा कर्ता रॉबर्ट हॉवर्ड याने १९३५ मध्ये राइटला पत्र लिहून आठवण केली की माझे आठशे डॉलर तुमच्याकडे अडकलेत. आतली चित्रं काढणारा व्हर्जिल फिनले निबच्या टोकावरचा शाईचा थेंब तेवढा कागदाला टेकवून ठिपक्या-ठिपक्यांनी चेहरे घडवायचा, अशा चित्राला आठ डॉलर. आणि सगळ्यात लोकप्रिय लेखक सीबरी क्विन? तो वकील होता, शिवाय अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या व्यवसायाचं मासिक चालवायचा. भुताखेतांच्या गोष्टी लिहून त्याचं काही वाईट झालं नाही, ऐंशीच्या घरात पोचला.

धारपांबद्दल दोनच वाक्यं. काही कथांचं बीज त्यांनी परदेशातून घेतलं हे खरं, पण अंधाऱ्या माजघरात आपली मान वळून मागे बघते ती त्यांच्या मराठीमुळे. ‘सगळं ढापलं’ म्हणणाऱ्याने त्यांचं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. भाचीने लगेच वेगळा मेसेज केला, "मामा, तो ठिपक्यांचा निब कुठे मिळतो?" ताईचं उत्तर दुपारी आलं. आधी अंगठा, मग एक ओळ, "बरं. पण त्या वटवाघळीणबाईला निदान एक शाल दे म्हणावं."