ब्लॉकवरचा नंबर निकेल सांगत नाही

जुन्या जीप-ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर इंजिनच्या ब्लॉकबद्दल, म्हणजे सिलिंडर असलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) धडाबद्दल, एक मेसेज सारखा फिरतो: 'ब्लॉकवर 010 असेल तर 1 टक्का कथील, 020 असेल तर 2 टक्के निकेल, दोन्ही असतील तर ब्लॉक आयुष्यभर झिजत नाही. क्रॅक गेला तरी वेल्डिंग धरतो.' त्या भरवशावर भंगारातल्या ब्लॉकला बिडाच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजले जातात.

मुळात ही गोष्ट अमेरिकेतल्या शेवरोलेच्या 350 इंजिनची. 3970010 हा तिथला पूर्ण कास्टिंग नंबर (ओततानाच ब्लॉकवर उठलेला) आणि 010 हे त्याचे शेवटचे तीन आकडे. त्याच घराण्यातला दुसरा ब्लॉक 3932386. मग त्यात काय 38.6 टक्के निकेल धरायचं? नंबर पॅटर्नवर, म्हणजे साचा बनवायच्या नमुन्यावर असतो, तो साच्यात उमटतो. पॅटर्न एकदा बनतो आणि वर्षानुवर्षं चालतो. भट्टीतलं भंगार, पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, टाकलेली भर मात्र घाण्यागणिक बदलते, आणि तिची नोंद नंबरात होत नाही.

कथिलाचा दावा तर धातुशास्त्रातच बसत नाही. ब्लॉकच्या बिडात पर्लाइट (बिडाची कणखर अंतर्रचना) पक्का व्हावा म्हणून कथील टाकतात, पण 0.05 ते 0.1 टक्के एवढंच. त्याहून फार वाढलं की बीड ठिसूळ होतं. 1 टक्का कथिलाचा ब्लॉक कोणती फाउंड्री मुद्दाम ओतेल? आपल्याकडे काही ब्लॉकवर एफजी 260 असतं, तोही निकेलचा आकडा नाही. आयएस 210 या भारतीय मानकाप्रमाणे तो किमान ताण-ताकद सांगतो, 260 न्यूटन प्रति चौरस मिमी.

'झिजत नाही' म्हणणाऱ्याने आधी इंजिन पाहावं. एचएमटी-झेटर ट्रॅक्टरमध्ये वेट लायनर (बाहेरून पाणी लागणारी, बदलता येणारी सिलिंडरची नळी) असतो, रिंगा लायनरवर घासतात, ब्लॉकच्या बिडाचा झिजेशी संबंधच येत नाही. सीजे 3बी जीपच्या हरिकेन इंजिनात लायनर नाही, मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) सव्वातीनला थोडा कमी, म्हणजे 3⅛ इंच. तिथे बीड महत्त्वाचं खरं, पण उन्हाळ्यात धूळ उडत असताना हवेच्या ऑइल-बाथ फिल्टरमधलं तेल गाळानं भरलं असेल तर निकेलवालाही बोअर वाचत नाही. वरच्या रिंगपाशी कंगोरा पडतोच.

वेल्डिंगचं तर उलटंच आहे. अडचण बिडातल्या 3 टक्क्यांहून जास्त कार्बनची असते, ब्लॉकमधल्या 1-2 टक्के निकेलनं ती सुटत नाही. निकेल लागतं ते वेल्डिंगच्या रॉडमध्ये. इंचभर टाका मारायचा, गरम असतानाच हातोडीने हलकं ठोकायचं, हात लावता येईल इतका थंड झाला की पुढचा. आणि खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये जात असेल तर आधी ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमधला (पाण्याच्या पोकळीतला) क्षार काढा, नाहीतर ब्लॉक पुन्हा तापेल, पुन्हा फुटेल.

चुंबकाने निकेल ओळखता येत नाही. 1-2 टक्क्यांचं बीडही चिकटतंच. ग्राइंडरच्या ठिणगीवरून बीड की पोलाद एवढंच कळतं.

खरंच निकेल पाहायचं असेल तर रंग-गंज घासून पांढरा धातू उघडा करा आणि एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र) लावा. निकेल, क्रोम, तांबं कळेल, कार्बन नाही. कार्बनसाठी लॅबला ड्रिलचा कीस लागतो. माउंटिंगच्या जाड बॉसवर (उंचवट्यावर), वॉटर जॅकेट आणि ऑइल गॅलरीपासून लांब, 10 मिमी खोल छिद्र पाडा. ड्रिल हळू चालवा, तेल-पाणी अजिबात नको. पहिला मिलिमीटरभर कीस फेकून द्या, पुढचा सगळा कागदावर धरा, सोबतची काळी पूडही. ती ग्राफाइट आहे. ती झटकली तर कार्बन कमी येतो आणि रिपोर्ट फुकट जातो.

रिबोअर (सिलिंडर कातून मोठा) करायचा की नाही, हे मात्र बोअर गेज आणि भिंतीची जाडीच ठरवते. ओतताना कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) सरकला असेल तर एकाच सिलिंडरची एक बाजू जाड, दुसरी पातळ निघते, म्हणून चारही बाजूंनी मोजा. जाडी मोजणारा अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींचा) गेज पोलादावर सेट केलेला असेल तर बिडाची जाडी वाढीव दाखवतो. खऱ्या 4 मिमीला 5 च्या आसपास. तशाच बिडाचा फुटका तुकडा व्हर्नियरने मोजून गेज त्यावर जुळवा, मगच बोअरला लावा.