‘सीआरपी नॉर्मल आहे, मग काळजी नको’ : बाळंतपणातील संसर्गाच्या चाचण्यांविषयी एक प्रतिवाद

गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या घरच्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : गर्भाशयातला जंतुसंसर्ग रक्ताच्या चाचणीत हमखास कळतो; पांढऱ्या पेशी (रक्ताच्या मायक्रोलिटरमागे) ११,००० च्या वर किंवा सीआरपी (सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, हे दाह झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या वर असेल तर संसर्ग झालाच आहे असे समजावे आणि अँटिबायोटिक मागून घ्यावे, त्याने तोटा काहीच नाही; दोन्ही आकडे मर्यादेत असतील तर पाणी गेले असले (गर्भजलाची पिशवी फुटली असली) किंवा ताप आला असला तरी निर्धास्त राहावे; शंका उरलीच तर प्रोकॅल्सिटोनिन ही रक्ताची आणखी एक चाचणी करावी, ती कधी चुकत नाही. सातव्या महिन्यापासून दर आठवड्याला सीआरपी करून घेण्याचा सल्लाही शेवटी जोडलेला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. संसर्ग हे जगभर मातामृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे आणि तो लवकर ओळखला पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु संदेशातले जवळपास प्रत्येक विधान अर्धवट आहे, आणि त्यांतले एक तर जिवावर बेतू शकते.

पांढऱ्या पेशींसाठी दिलेली ११,००० ची मर्यादा मुळात गरोदर नसलेल्या प्रौढांची आहे. गरोदरपणात या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, आपोआप वाढतात; शेवटच्या तिमाहीत १५,००० पर्यंतचा आकडा स्वाभाविक धरला जातो आणि कळा सुरू झाल्यावर तो २५,००० पर्यंत, क्वचित त्याहूनही वर जातो. त्यामागे जंतू असतीलच असे नाही. कळांच्या ताणाने कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढते आणि एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेल्या पेशी प्रवाहात उतरतात. शिवाय मुदतीपूर्वी बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, आणि त्या इंजेक्शनांनीही पुढचा दिवस-दोन दिवस पांढऱ्या पेशी चढतात. म्हणजे ज्या स्त्रीच्या बाबतीत संसर्गाची शंका सर्वांत जास्त घ्यावी लागते, तिच्याच रक्तात हा आकडा सर्वांत कमी बोलका असतो.

सीआरपीची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले हे प्रथिन जंतू तयार करत नाहीत. ते यकृत तयार करते, आणि तेही इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक रेणूने सूचना दिल्यावर. ही सूचना जंतूंमुळे निघते, तशीच ती जखमेमुळे, शस्त्रक्रियेमुळे आणि खुद्द कळांमुळेही निघते, कारण बाळंतपण सुरू होताना गर्भाशयाच्या मुखात आणि गर्भपटलांत (बाळाभोवतीच्या पिशवीच्या पडद्यांत) जे बदल होतात ते दाहाचेच, म्हणजे शरीराच्या सूज आणणाऱ्या प्रतिक्रियेचेच, असतात. त्यामुळे सीआरपी दाह मोजते, संसर्ग नव्हे. निरोगी गरोदर स्त्रीत ती लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आढळू शकते, वजन जास्त असेल तर आणखी थोडी वर. आणि सिझेरियननंतर दुसऱ्या दिवशी ती शंभरीपार गेलेली दिसली तरी टाका आणि गर्भाशय दोन्ही व्यवस्थित असू शकतात. तेव्हा ‘६ च्या वर म्हणजे संसर्ग’ हे सूत्र लावले, तर धडधाकट बाळंतिणींचा एक मोठा गट आजारी ठरेल.

इथवर नुकसान विनाकारण धास्तीचे आणि अनावश्यक औषधांचे. संदेशातला खरा धोका पुढच्या वाक्यात आहे : आकडे मर्यादेत असतील तर निर्धास्त राहा. समजा, मुदतीच्या सहा आठवडे आधी एका स्त्रीचे पाणी रात्री आठला गेले, नऊ वाजता रक्त घेतले आणि सीआरपी ४ आली. हा आकडा खोटा नाही, पण तो सायंकाळपर्यंतच्या शरीराचा आहे. दाह सुरू झाल्यावर सीआरपी रक्तात वाढू लागायला साधारण सहा तास लागतात, नंतर ती सुमारे आठ तासांना दुप्पट होत जाते आणि शिखर गाठायला दीड ते दोन दिवस घेते. जंतू योनीमार्गातून वर चढायला पाणी गेल्यानंतर वाट मोकळी होते. पहाटे थंडी वाजून ताप भरला, नाडी शंभराच्या वर गेली आणि बाळाचे ठोके १६० च्या पुढे राहू लागले, तर नऊ वाजताचा तो कागद दाखवून घरी थांबणे याला निष्काळजीपणा म्हणावे लागेल. तापाच्या बाबतीत अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या ‘एकॉग’ या संघटनेने २०१७ मध्ये दिलेले निकष पाहण्यासारखे आहेत : कळांच्या काळात एकदाच जरी ३९ अंश सेल्सिअस ताप आला, किंवा ३८ ते ३८.९ अंशांच्या तापासोबत बाळाच्या ठोक्यांचा वेग वाढणे, गर्भाशयमुखातून पूयुक्त स्राव येणे किंवा आईच्या पांढऱ्या पेशी वाढणे यांपैकी काही आढळले, तर गर्भजलात संसर्ग असल्याचा संशय धरावा. या निकषांत सीआरपी नाही, आणि पांढऱ्या पेशी आहेत त्या तापाच्या जोडीने, एकट्या नाहीत. अर्थात तापही निर्विवाद साक्षीदार नव्हे. पाठीतून वेदनाशमनाचे एपिड्युरल दिलेल्या साधारण पाचातल्या एका स्त्रीला जंतूंशिवाय ताप येतो. पण तो निर्णय तपासणाऱ्याने करायचा असतो, मोबाइलवरच्या संदेशाने नाही.

मुदतीपूर्वी पाणी गेलेल्या स्त्रियांबद्दल ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१५ ची मार्गदर्शिका हेच स्पष्ट शब्दांत सांगते. प्रत्यक्ष तपासणी, सीआरपी, पांढऱ्या पेशी आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख हे सारे एकत्र पाहावे. यांपैकी कोणत्याही एकाच्या भरवशावर संसर्ग आहे असेही म्हणू नये आणि नाही असेही म्हणू नये. म्हणजे सीआरपी टाकाऊ नाही. काही तासांच्या अंतराने घेतलेले दोन-तीन आकडे चढते असतील आणि पोट दाबल्यावर दुखत असेल, तर तिला निश्चितच वजन आहे.

मग नेमके कळते कशाने? गर्भजल थेट तपासून, जे सरसकट करण्याजोगे नाही कारण त्यासाठी पोटातून सुई घालावी लागते. जंतू आणि पांढऱ्या पेशी साखर खातात, म्हणून संसर्ग झालेल्या गर्भजलातली साखर उतरते. डेसिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅमच्या खाली गेली तर संशय बळावतो. मात्र इथेही फसगत आहे. गर्भजलात वारंवार सापडणाऱ्या युरियाप्लाझ्मा या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे ग्रॅम रंजनात (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीत) तो दिसत नाही आणि नेहमीच्या कल्चरवर, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, वाढतही नाही. उलट बाजूने, गर्भजलात इंटरल्युकिन-६ भरपूर वाढलेले असूनही जंतू कुठेच न सापडणे, असाही प्रकार परिचित आहे. पुष्कळदा अंतिम निदान बाळंतपण झाल्यावर, वार (प्लॅसेंटा) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यानंतरच होते.

प्रोकॅल्सिटोनिनविषयी थोडक्यात. ते सीआरपीपेक्षा लवकर वाढते आणि गरोदरपणाने तितकेसे विचलित होत नाही, हे खरे. पण ते प्रामुख्याने संसर्ग रक्तात आणि सर्व शरीरात पसरू लागला की वाढते. गर्भपटलांपुरता मर्यादित संसर्ग त्याच्या नजरेतून सुटू शकतो. ‘कधी चुकत नाही’ असे म्हणावे अशी चाचणी या विषयात अद्याप नाही.

आता ‘अँटिबायोटिकने तोटा काहीच नाही’ या विधानाकडे वळू, कारण ते खोडून काढणारा पुरावा अगदी याच प्रश्नावरचा आहे. ‘ओरॅकल’ या नावाने गरोदर स्त्रियांवर झालेल्या मोठ्या औषध-चाचण्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाणी आधीच गेलेल्या स्त्रियांना एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा फायदा दिसला, परंतु को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्ह दिलेल्या गटातील नवजात बाळांत आतड्याचा एक गंभीर आजार अधिक आढळला. पाणी न जाता आणि संसर्गाची लक्षणे नसताना मुदतीपूर्वी कळा आलेल्या स्त्रियांना तर फायदा झालाच नाही. उलट त्यांची मुले सात वर्षांची झाल्यावर केलेल्या पाहणीत, २००८ मध्ये, सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम करणाऱ्या विकाराचे) प्रमाण एरिथ्रोमायसिन घेतलेल्यांच्या मुलांत ३.३ टक्के आणि न घेतलेल्यांच्या मुलांत १.७ टक्के आढळले. संसर्ग खरोखर असेल तेव्हा अँटिबायोटिक विनाविलंब द्यावे लागते आणि ते आई व बाळ दोघांना वाचवते. केवळ आकडा चढला म्हणून ते मागून घेणे ही निराळी गोष्ट आहे.

राहिला दर आठवड्याच्या सीआरपीचा सल्ला. लक्षणे नसलेल्या स्त्रीत अशा चाचणीने हाती काही लागत नाही. योनीमार्गात ग्रूप बी स्ट्रेप्टोकोकस बाळगणाऱ्या स्त्रीचीही सीआरपी नॉर्मल असते; तो जंतू बाळंतपणात बाळाला लागू शकतो, आणि तो शोधायचा तर शेवटच्या आठवड्यांत स्वॅब घ्यावा लागतो. लक्षणांशिवाय दडून राहणारा दुसरा संसर्ग लघवीतला. तिथेही सीआरपी हलत नाही आणि पट्टीची चाचणी पुरेशी विश्वासार्ह नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या शिफारशींत मधल्या धारेच्या लघवीचे कल्चर सुचवले आहे आणि त्यात जंतू निघाले तर सात दिवसांचे अँटिबायोटिक सांगितले आहे, कारण उपचार न झाल्यास तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो. या दोन्ही चाचण्यांचा त्या संदेशात उल्लेख नाही.